तिच्या नावावर जुगार

बायकोच्या नावाच्या साइटवर पुन्हा ती पत्ते पिसणारी बाई हसत समोर आली, आणि त्याने माउस टेबलावर आपटला.

बायको गेल्यावर साइटची मुदत संपत आल्याच्या सूचना तिच्याच ईमेलमध्ये पडून राहिल्या. मुदत संपली आणि ते नाव कुणा जुगारवाल्याने उचललं. अडकलेली चेन, उसवलेली बॅग, मोडलेली छत्री घरच्या घरी कशी दुरुस्त करायची, हे ती तिथे फोटोंसकट लिहायची. त्या सगळ्या साइटची चालती प्रत घरातल्या कॉम्प्युटरवर होती. पहिलं पान उघडायचंही. पण पुढच्या पानावर जायला गेलं की दुवा त्या नावाकडे वळायचा, आणि नाव जुगारवाल्याच्या घशात.

जग गेलं खड्ड्यात, निदान या घरात तिचं नाव टाकल्यावर तीच दिसली पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं होतं. कुठल्या नावासाठी कुठे जायचं, हे कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाईलमध्ये लिहून ठेवता येतं. त्याने लिहिलं: हे नाव याच मशीनवर आहे. कॉम्प्युटर ढिम्म.

शेवटी त्याने मेहुण्याला फोन लावला. बायकोचा हा धाकटा भाऊ कॉम्प्युटरच्याच धंद्यातला.

"भाऊजी, फाईलच्या नावामागे आपोआप टीएक्सटीचं शेपूट लागलं असेल, मग कॉम्प्युटर ती ओळखत नाही."

"छाटलंय शेपूट."

"मग रीस्टार्ट करा."

"सकाळपासून दुसरं काय करतोय? कुक्कुलं बाळ समजतोस मला?"

"चिडू नका ना."

"तुझ्या ताईच्या नावावर ती बया पत्ते पिसतेय, आणि मी चिडू नको?"

"पिंग करून बघा, त्या नावाला कुठलं मशीन उत्तर देतं ते कळेल."

त्याने आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत पिंग आणि नाव टाकलं. उत्तर घरच्याच मशीनकडून आलं. म्हणजे कॉम्प्युटर फाईल वाचत होता. जुमानत नव्हता तो ब्राउझर.

"हां..." मेहुण्याचा आवाज उतरला. "ब्राउझरमध्ये सुरक्षित डीएनएस चालू असेल. मग तो घरात विचारतच नाही, पत्ता थेट बाहेरून आणतो."

"चालू कोणी केलं?"

"मीच. मागे आलो होतो तेव्हा. तुमच्या सुरक्षेसाठी."

"कोणाला विचारून? अक्कल पाजळायला माझंच घर सापडलं?"

सेटिंग बंद केलं, ब्राउझर पुन्हा उघडला, नाव टाकलं. छत्रीचं पान आलं. मोडक्या काडीला तार गुंडाळणारे तिचे हात, अंगठ्याला चिकटपट्टी. पुढच्या दुव्यावर चेनचं पान. तेही तिचंच.

राग मात्र जागचा हलला नाही. आता तो तिच्यावरही चिडला. मुदतीचं एका शब्दाने सांगून जायला काय झालं होतं?

"दिसलं का, भाऊजी?"

"दिसलं."

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. "माझ्याकडे अजून ती बयाच आहे."

"असणारच. हे फक्त या मशीनपुरतं."

"भाऊजी..."

"रडतोस काय? ये इकडे, बघून जा. आणि एकाही बटणाला हात लावलास तर बोटं मोडीन."