उन्हात वाळलेला पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे हं! कापड रंगवण्याच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये मी सांडपाणी गाळत असे. चटईसारखी गुंडाळी करून मला एका जाड नळीत बसवलं होतं. पंप मागून पाणी रेटायचा. स्वच्छ पाणी माझ्यातून पार व्हायचं, रंग आणि क्षार मागे राहायचे.

मला सांभाळणाऱ्या ऑपरेटरबाईंना सगळे ताई म्हणत. सकाळी आल्या आल्या त्या गाळलेलं पाणी ग्लासात धरून उजेडात बघायच्या आणि "शहाणं माझं बाळ!" म्हणून नळीवर थाप मारायच्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. काय दिवस होते ते!

रंगखात्याचे मिस्त्री म्हणजे सगळ्यांचे काका. त्यांचा उभा जन्म कापड धुण्या-वाळवण्यात गेलेला. एकदा सुट्टीत ताई आजारी आईकडे गेल्या होत्या. पोरीचं काम हलकं करावं, असं काकांच्या मनात आलं. त्यांनी मला आणि शेजारच्या नळ्यांतल्या माझ्या भावंडांना बाहेर काढून निगुतीनं धुतलं आणि चक्क उन्हात वाळत घातलं! मायेनंच हो. पण आम्हांला सदैव ओलं राहावं लागतं. वाळलो की आमची बारीक छिद्रं मिटतात.

सुट्टी संपली. पंप जीव तोडून रेटत होता, पण माझ्यातून धड धारही निघेना. सांडपाण्याची टाकी काठोकाठ भरली. त्याच दिवशी काका निवृत्तीआधीचा शेवटचा तागा रंगवणार होते.

साहेब म्हणाले, "आजच्यापुरतं ओढ्यात सोडून द्या. कोणाला कळतंय?"

"खालच्या वस्तीत हेच पाणी पितात, साहेब. मी नाही सोडणार," ताई म्हणाल्या.

काकांचा चेहरा उतरला. "माझंच चुकलं, पोरी. मला वाटलं, धुतलं की वाळवायचंच असतं."

"अहो काका, मला विचारायचं तरी!"

काका आत गेले आणि रंगाच्या हंड्याखालची वाफ त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केली. साहेब बघतच राहिले.

नवे पडदे आले तोवर काका निवृत्त झाले होते. मी आता कोपऱ्यात पडून असतो. त्यांच्यावर माझा मुळीच राग नाही. पण मित्रांनो, कोणाची काळजी घ्याल, तेव्हा त्याला काय सोसतं ते आधी विचारून घ्या. माझ्यापायी काकांचा शेवटचा तागा पांढराच राहिला, याचं मला अजून वाईट वाटतं. ओढ्याचं पाणी मात्र त्या दिवशीही लोकांनी निर्धास्त भरून नेलं.