उपग्रहाच्या फोटोतला तपकिरी ठिपका

मी फोटोतला एक ठिपका बोलतोय. हसू नका. डोंगराचा दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तुकडा माझ्या पोटात आहे. तुमच्या पोटात काय आहे?

माझा जन्म जवळजवळ आठशे किलोमीटर उंचावर, उपग्रहाच्या डोळ्यात झाला. खाली कोरियातलं राखीव जंगल. दर पाच दिवसांनी उपग्रह वरून जातो आणि माझा रंग टिपतो. झाडी असली की मी हिरवा, नसली की तपकिरी. एवढंच माझं शिक्षण. शेजारचे ठिपके शहाण्या मुलांसारखे थंडी पडेपर्यंत हिरवे. मी मात्र दर सप्टेंबरात तपकिरी.

पहिल्या वेळी कार्यालयातला संगणक बोंबलला, "जंगलतोड!" वनरक्षक मेंग साहेब तीन तास चढून, धापा टाकत आले. बघतात तर हातात विळा घेतलेली एक म्हातारी, ओक-बुन आजी. छुसोकचा, म्हणजे पितरांना पुजायचा सण तोंडावर आलेला. त्याआधी नवऱ्याच्या थडग्यावरचं गवत कापायला आलेली.

"आजी, हे वरून दिसतं!"

"दिसू दे की. त्यांचे केस कापतेय, कपडे नाही काढत."

"अहो, वरच्यांना काय सांगू मी?"

"ते तुझं तू बघ. खांबासारखा उभा काय राहिलास? तो कोपरा घे."

साहेबांनी कोपरा घेतला. मग आजीने थडग्यावर तांदळाची दारू शिंपडली, उरलेली साहेबांना पाजली. अहवालात आलं, 'जुनं थडगं. तोड नाही.'

सहा वर्षं हेच. संगणक बोंबलायचा, साहेब चढायचे, आजी म्हणायची, "आलास? दर वर्षी जाडा होतोयस." काय दिवस होते ते!

मग आजीचे गुडघे गेले. मुलगी तिला बुसानला घेऊन गेली. दोन सप्टेंबर मी हिरवाच राहिलो. काटेरी झुडपं माजली, थडगं दिसेना. कार्यालयाने मला मोठा करून भिंतीवर लावलं, 'जंगल परतलं!' लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं.

त्याच आठवड्यात आजीचा फोन आला.

"काय रे पोरा, वरून दिसतं म्हणाला होतास ना? मग बघून सांग, आमचे हे कसे आहेत?"

साहेबांनी पडद्यावर मला पाहिलं. गर्द हिरवा.

"ढग आलेत आजी. पाच दिवसांनी सांगतो."

ढग कुठले? दुसऱ्या दिवशी साहेब विळा घेऊन एकटेच चढले. संध्याकाळपर्यंत कापत होते. पाचव्या दिवशी मी तपकिरी, संगणकाची बोंब, आणि साहेबांचा अहवाल: 'झाडी कापली गेली. कापणारा: मेंग जे-हो, वनरक्षक.'

भिंतीवरून मला उतरवलंय. सध्या मी चौकशीच्या फायलीत असतो, पुरावा म्हणून. समितीतल्या मंडळींनो, निकाल काय द्यायचा तो द्या. फक्त पुराव्याची एक प्रत बुसानला पाठवा. जरा मोठी छापा. आजीला आता बारीक दिसत नाही.