वळणावरची हाक

शरद उतरला की जपानातल्या कुरोदानीच्या डोंगरावर मेपलची पानं पेटतात. रक्तवर्ण, ताम्रवर्ण, केशरवर्ण. आणि त्या वर्णोत्सवाच्या ऐन पोटात खाणीचं काळंभोर तोंड आ वासून बसलेलं असतं. त्या तोंडातून एके काळी चांदी निघे, घोडागाडीत चढे, दगडी पुलावरून, भट्टीतल्या धातुमळीच्या काळ्या भिंतीजवळून, थेट समुद्राकडे जाई. चांदी गेली, घोडे गेले. रस्ता राहिला, आणि काळ्या भिंतीच्या आडोशाला मित्सुए राहिली.

आता त्या रस्त्याला म्हणे वारसा म्हणतात. पुलाला पाटी, भिंतीला पाटी, खाणीला तिकीट. छान आहे! माणसं आत मरत होती तेव्हा कुणी साधी चौकशी केली नव्हती.

मित्सुएचा नवरा गेनझो याच खाणीत छत कोसळून गेला. तिच्या लग्नाच्या किमोनोला अजून पेटीतल्या कापराचा वाससुद्धा लागला नव्हता.

खाणीची एक रीत होती. अंधारात गेलेल्याचा जीव अंधारातच वाट चुकतो. म्हणून देह वर आणताना सोबती त्याला वळणावळणाला नावानं हाक मारत, सांगत, की आता हौद आला, आता शिडी आली, चल, मागे राहू नकोस. थेट घराच्या उंबऱ्यापर्यंत. मध्येच हाक तुटली तर जीव तिथेच थांबतो.

गेनझोची हाक तुटली. अगदी शेवटच्या वळणावर, उजेड दिसत असताना. बाहेर बडे पाहुणे आले होते, त्यांचा फोटो निघत होता; मुकादमानं ओठांवर बोट ठेवलं आणि सोबत्यांनी मुकाट्यानं देह बाहेर आणला. देह आला. गेनझो नाही आला. त्यांच्यातल्याच एकानं पुढे रडत रडत हे मित्सुएला सांगितलं, आणि तिचं काळीज त्या वळणावर जे अडकलं ते अडकलंच.

तुटलेली हाक पुरी करायला तिला आत जायचं होतं. पण बाईनं पाऊल टाकलं तर डोंगराची देवी कोपेल, असं म्हणून तिला हाकलून दिलं. मग खाण बंद पडली, दाराला कुलूप लागलं. मित्सुए वाकली, पिकली, तिचा आवाज फाटला. गेनझो तिथेच, त्या निबिड, निःशब्द, निर्वात काळोखात, होता तेवढाच तरुण.

आणि या शरदात दार उघडलं. तिकीट काढलं की कुणालाही आत जाता येत होतं. देवीचा कोप तिकिटानं शमतो, हे मित्सुएला त्या दिवशी कळलं.

त्या शेवटच्या वळणावर शिरस्त्राण घातलेला, खाणकामगाराचा एक बाहुला उभा केला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं डोळे मिटले आणि आयुष्यभर घशात दाबून धरलेली हाक मारली. मागच्या पर्यटकांना वाटलं, हा खेळातलाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! मित्सुए वळली नाही. हाका मारत, वाट सांगत, ती निघाली. पुलाच्या पाटीवर तो कधी बांधला ते लिहिलं होतं; ती फक्त म्हणाली, "गेनझो, पूल आला. जपून." काळी भिंत आली. उंबरा आला. त्या हिवाळ्यात ती रोज भाताचे दोन वाडगे मांडी आणि शांत झोपे.

बर्फ पडत असताना नात्सुमी घरी आली. खाणीतली गाइड, गुणी पोर, हातात मिठाईचा डबा. तिनं त्या हाकेबद्दल अदबीनं विचारलं, ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारत होतं. मित्सुएनं सगळं सांगितलं. नावही सांगितलं.

वसंत आला. चेरीची शुभ्र, सुकुमार फुलं डोंगरभर उधळली. मित्सुए नात्सुमीसाठी खाऊ घेऊन वर गेली, आणि वळणावर तिनं ऐकलं. बाहुल्याच्या पाठीमागच्या कर्ण्यातून एका नटीचा आवाज आला, "गेनझो, मागे राहू नकोस. चल." मग शांतता. मग पुन्हा तेच. बाहुल्याच्या छातीवर नाव लिहिलं होतं.

नावानं बोलावल्यावर तो येणारच. घरी नेलेला जीव पुन्हा अंधारात आला होता, आणि ते नाव मित्सुएनंच दिलं होतं.

"हाक मारून वळणावरच सोडता त्याला?" मित्सुए म्हणाली. "दारापर्यंत तरी आणा."

नात्सुमी कंबरेत वाकली. "आजी, माफ करा. लोकांना हेच सगळ्यात जास्त आवडतं. बंद करणं माझ्या हातात नाही." खरंच नव्हतं. पोर वाईट नव्हती. तो मुकादमही कदाचित नसेल.

मित्सुएनं पुन्हा सुरुवात केली. हाक. वळण. हाक. दार. ऊन. खाणीखालच्या पुलावर येता येता तिचा दम संपला. "गेनझो, पूल आला," ती म्हणाली. आवाज जुन्या बिजागरीसारखा करकरला. तेवढ्यात मागून, डोंगराच्या पोटातून, तो दुसरा आवाज आला. कोवळा, गोड, न दमणारा. गेनझो गेला तेव्हा मित्सुएचा आवाज अस्साच होता.

गेनझोच्या ओळखीचा आवाज तोच होता.

ती कठड्याला धरून उभी राहिली. पाकळ्या पडत होत्या, पाणी वाहत होतं. मागे वळून पाहायचा तिला धीर झाला नाही. डोंगरातून हाक येत राहिली, येत राहिली. आणि पुलावर, तिच्या शेजारी, कुणीच नव्हतं.