डाव्या पायाची कत्ती

मी एक जुनी कत्ती आहे. बोटाएवढेच धारदार पाते. संक्रांतीच्या झुंजीत कोंबड्याच्या डाव्या पायाला दोऱ्याने बांधतात, ती. गोदावरीकाठच्या एका लोहाराने मला ठोकून घडवले आणि कोंबडे झुंजवणाऱ्या पोलय्याने घरी आणले.

मित्रांनो, माझेही दिवस होते! पहिल्याच झुंजीत मी समोरच्या कोंबड्याचे पोट उभे फाडले. आतडी मातीत लोळली आणि लोक "भले रे पोलय्या!" म्हणत नाचले. पोलय्या मला तेल लावून रेशमी चिंधीत ठेवी. एकदा बांधताना कोंबड्याने झटका दिला आणि मी पोलय्याचीच दोन बोटे उडवली. तरी त्याचा माझ्यावरचा जीव कमी झाला नाही. माणसांचे मला कधी कळलेच नाही.

मग त्याच्या जिंकणाऱ्या कोंबड्याची पाच पिल्ले निघाली. चार ठणठणीत. पाचव्याची चोच कातरीसारखी फाकलेली, डाव्या पायाची बोटे मुठीसारखी मिटलेली. भावंडांनी टोचून टोचून त्याची पाठ सोलली होती. पोलय्याने त्याला उचलले आणि मला त्याच्या मानेवर टेकवले.

"थांबा!" त्याची बायको नूकालम्मा चुलीपासून धावत आली.

"असलं पिल्लू निघाल्याचं गावाला कळलं, तर बाकीच्या चौघांना कुत्रंही विचारणार नाही. घराण्याला बट्टा आहे हा!"

"बोटं तर तुमचीही नाहीत. तुम्हाला फेकलं का मी उकिरड्यावर?"

"जिभेला काही हाड आहे का तुझ्या?"

"नाही. त्याला कत्ती बांधायला पाय नाही, मला जिभेला हाड नाही. द्या इकडे!"

माझ्या पात्याखाली त्याची शीर उडत होती. खरे सांगते, मला कापायचेच होते. मला दुसरे येते काय? पण पोलय्याने मला बाजूला घेतले. "कुणाला दाखवू नकोस म्हणजे झालं," तो पुटपुटला. नूकालम्माने त्या पिलाला बोटाने नाचणीची पेज भरवून वाढवले.

त्याचे चारही भाऊ मोठे झाले. एकामागून एक मला बांधून रिंगणात उतरले. एकाचा गळा चिरला, एक डोळा फुटून मेला, तिसरा पंख तुटून तिथेच तडफडत मेला. चौथा जिंकला, पण छाती उघडी पडली होती. पोलय्याने त्याला कवेत घेतले, तेव्हा त्याने मरता मरता लाथ झाडली. मी पोलय्याच्या डाव्या मांडीत बुडापर्यंत घुसले. रक्ताची चिळकांडी उडाली.

पोलय्या वाचला. पाय मात्र गेला. खाटेवर पडून तो म्हणाला, "नूकालू, आता माझा काय उपयोग?"

"एकाला पाळलंय, दुसऱ्यालाही पाळीन," ती रडत म्हणाली. खाटेखाली तो वाकड्या चोचीचा कोंबडा सांडलेले शीत टिपत होता.

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा, गंजू देऊ नका. माझे मागणे उलटे आहे. नूकालम्माने मला छपरात खोचून ठेवले आहे. कुणी धार लावायला मागितले, तर देऊ नका. मला गंजू द्या. या घरात बिनकामाचेच जगले आहेत.