विसण घालणारा नळ

वर्ष झालं, माझ्या अंगावरून वारं गेलं आन् उजवा हात निकामी झाला. तेव्हापासून सून मला अंघोळ घालते. ज्ञानेश्वरी गुणाची पोर. बादलीत गरम पाणी ओतते, गार पाण्याचं विसण घालते, हात बुडवून बघते, "आत्या, पोळत नाय ना?" विचारते. सगळं खरं. पण जिनं जन्मभर रानात मेंढरं हाकली, तिनं सुनेपुढं लेकरागत उघडं बसायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं होतं. मला माझी अंघोळ माझ्या हातानं करायची होती. बाकी काय नको.

म्हणून बिभीषणानं शॉवर आणला. माझा लेक, बिडकीनला कंपनीत फिटर आहे. भिंतीला दोन चाव्या, डावी गरम, उजवी गार. विसण नळातच पडतं. गरम पाणी गच्चीवरच्या सोलरचं. गारासाठी तो म्हणला, "आई, टाकीवरून पाइप घेतो."

माझं टाळकं सरकलं. "टाकीतलं शिळं पाणी अंगावर घेऊ व्हय? थेट नळाचं ताजं जोड."

"अगं, नळाला रोज कुठं पाणी येतंय?"

"मला शिकवू नको. म्हणते तसं कर."

बिचाऱ्यानं केलं. त्या दिवशी नेमकं नळाला पाणी होतं. शॉवर असा सुटला की ज्ञानेश्वरीनं टाळ्या वाजवल्या. मग काय, मी हवेतच!

दुसऱ्या दिवशी सकाळी "कुणी आत यायचं नाय" असं बजावून दार लावलं. स्टुलावर बसले, डाव्या हातानं दोन्ही चाव्या फिरवल्या. वरून चार थेंब पडले. अजून फिरवल्या. पाइपात नुसती गुरगुर, पाणी काय येईना. अंगावर चिंधी नाय, थंडीनं दात वाजायले. शॉवरला, बिभ्याला, दोघांनाबी शिव्या घातल्या.

इतक्यात अंगणातून आरोळी आली. शेजारची द्वारकाबाई ताक मागायला आली होती.

"ज्ञानेश्वरी, पळ! नळाला पाणी आलंय, आन् तेबी गरम!"

आमच्या हौदावरचा नळ कायम उघडाच असतो. साऱ्या गल्लीचे असतात. पाणी कधी येईल नेम नाय, आलं की हौद आपोआप भरावा. माझा गाराचा पाइपबी त्याच नळाला जोडलेला. आज नळ कोरडा, म्हणून माझं सोलरचं पाणी गाराच्या पाइपातून उलटं खाली उतरलं आन् हौदात चाललं. द्वारकाबाई हौदाजवळची बादली लावून मोकळी!

ज्ञानेश्वरीला हसू आवरेना. मला आतून ऐकू येत होतं. आधी लई राग आला, मग मीबी हसले. पण त्या दिवशी अंघोळ तिनंच घातली, तेव्हा मात्र माझे डोळे भरून आले.

"आता हे असंच राहायचं गं," म्हणलं.

"असंच कसं? ह्यांना सांगते मी. शिळं पाणी चालंल का?"

"चालंल बाई. शिळ्या पाण्यानं कोण मेलंय?"

संध्याकाळी बिभ्यानं पाइप कापून टाकीला जोडला. नुसता गालात हसत होता मेला.

सकाळी परत दार लावलं. गरम थोडं, गार थोडं, परत गरम थोडं. जमलं! पाठीवर, मानेवर, त्या मेल्या हातावर पाणी पडत राहिलं. मी खुशाल रडून घेतलं. शॉवरखाली कुणाला कळतंय?

लुगडं कसंबसं गुंडाळून बाहेर आले तर ज्ञानेश्वरी दारातच उभी. काळजीनं तोंड एवढंसं झालेलं. ही सगळ्यांच्या मागून अंघोळ करते, उरलंसुरलं पाणी घेऊन, बहुतेक गारच. मी तशीच माघारी वळले. चाव्या फिरवल्या, धारेखाली डावा हात धरला, पाणी बेताचं ऊन झालं तसा काढला.

"जा गं," म्हणलं. "तुझं पाणी काढलंय."

ती हलंचना. लगीन होऊन आल्यापासून तिला कुणी पाणी काढून दिलं नव्हतं. पदर डोळ्याला लावून तशीच उभी.

"अगं जा की भवाने, सोलरचं संपंल!"