भिंतीचं कोड

रामचंद्र नाबर मुंबईत एका दवाखान्यात कंपाउंडर होते. १९५८ साली निवृत्त होऊन शिरोड्याला परतले, तेव्हा वाटेत कुठे तरी डॉक्टर झाले. सामानात बायबलचा जुना करार होता. प्राचीन यहुद्यांच्या शुद्धिनियमांत आजचं सगळं वैद्यक दडलेलं आहे, हा त्यांचा शोध. दर रविवारी वाचनालयात माणसं तो ऐकत, कारण रविवारी गावात दुसरं काही नसे.

गणपती झाल्यावर त्यांनी यहुद्यांचा प्रेषित मोशे याने घालून दिलेला कातडीच्या रोगाचा नियम वाचला. पांढरा चट्टा आणि त्यातला केसही पांढरा, तर माणूस अशुद्ध. त्याने वस्तीबाहेर राहावं.

"मोशेला संसर्ग कळला होता!" नाबर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले. मासे विकणाऱ्या हिराच्या मनगटावर पांढरे डाग होते. चष्मा लावून त्यांनी केस पाहिला. पांढरा.

"महारोग."

हिराची माशांची पाटी गावाबाहेर, तिठ्यापलीकडे गेली. तिथे कुत्र्यांखेरीज गिऱ्हाईक नव्हतं. बाई विधवा, घर त्या पाटीवर चाले. ती वेंगुर्ल्याला डॉक्टरकडे जाऊन आली. त्यांनी डागात सुई टोचली, ती किंचाळली. हे साधं कोड, कोणाला लागत नाही, महारोगाचा डाग बधिर असतो, असं ते म्हणाले. तिने ते बाजारभर सांगितलं.

"सुयेचा काय सांगतंस गो?" चहावाला महादू म्हणाला. "पोथयेत लिवलेला आसा."

"परवापर्यंत माझे बांगडे गिळी होतस, तेवा तुझो मोशे खंय मेलो होतो?"

महादू कपबशा विसळू लागला. बांगडे मात्र त्याने घेतले नाहीत. नाबर म्हणाले, "नियमात सुई नाही."

पुढच्या रविवारी घरांचा नियम निघाला. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले तर घर रिकामं करून सात दिवस बंद ठेवावं. चट्टे पसरले तर ते दगड काढून गावाबाहेर टाकावेत. "ओलाव्यातले जंतू!" नाबर रंगात आले होते.

कोकणात पावसाळ्याच्या शेवटी हिरवी नसलेली भिंत शोधावी लागते. नाबरांच्या माजघराची तर छपरापर्यंत हिरवी होती. आठवडाभर चट्टे वाढतात का, एवढंच माणसं येऊन पाहून गेली. त्यांना टिंगल करायची नव्हती. टिंगल करायला जी अक्कल लागते, ती त्यांच्याकडे असती तर हिरा बाजारातच बसली असती. चट्टे शेजारच्या भिंतीवर पसरले, तेव्हा महादू पहार घेऊन आला. नाबरांची बायको काशीबाई अंगणात काढलेल्या ट्रंकेवर बसली होती.

भिंतीचा पहिला चिरा हलला आणि नाबरांची शुद्ध मराठी संपली. "अरे मेल्यांनू, माझा घर पाडतास? ह्यो नियम हयच्या पावसाक लागू नाय! तो सुक्या मुलकातलो!"

"मगे हिराक कसो लागलो?" महादूने पहार खाली न ठेवता विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

नाबरांनी पहारीकडे पाहिलं. "तिकाय नाय लागू."

"मोठ्यान सांगा," काशीबाई म्हणाली. "बाजारात जावन सांगा."

त्यांनी सांगितलं, तेही पुन्हा शुद्ध मराठीत: अधिक अभ्यासान्ती हिराबाई निर्दोष आढळल्या. सुईवर न बसलेला विश्वास त्यावर ताबडतोब बसला. हिराने पाटी जुन्या जागी मांडली. बायका बांगडे उलटसुलट करून शिळे म्हणू लागल्या. महादूनेही एक उचलला.

हिराने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"तुका नाय विकूचो. फुडे चल."