जेवून आलोय

आमच्या घरात मी म्हणेन ती पूर्व दिशा, हे आधीच सांगून ठेवते. म्हणून मुलुंडला होणाऱ्या सुनेच्या, निधीच्या घरी जाताना बिल्डिंगखालीच मी दम भरला, "खायचा आग्रह झाला तर काय म्हणायचं?"

"जेवून आलोय," नवरा आणि मुलगा निलेश एका सुरात म्हणाले.

सकाळपासून तिघंही नुसत्या चहावर होतो. पण माझ्या आईची शिकवणच तशी, "दुसऱ्याच्या दारात भूक सांगूची नाय." संपात बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा शेजारची काकू भाकरी पुढे करायची आणि दहा वर्षांची मी पोट आवळून म्हणायची, जेवून आलेय. आता विक्रोळीत स्वतःचं घर आहे, निलेशला चांगली नोकरी आहे. तरी होणाऱ्या व्याह्यांनी आपल्याला अधाशी म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं.

निधीच्या आईने, वसुधाताईंनी दार उघडलं आणि अळुवडीचा असा काही वास आला की नवऱ्याने माझ्याकडे केविलवाणं पाहिलं. मी डोळे वटारले.

"पानंच घेते," वसुधाताई म्हणाल्या.

"अहो, कशाला? आम्ही जेवून आलोय. पाणी चालेल."

"थोडं तरी?"

"नाही हो, पोट अगदी भरलंय."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "बरं," म्हणून त्या आत गेल्या, मागोमाग निधी गेली. मी मनात म्हटलं, झकास, अब्रू राहिली. थोड्या वेळाने निलेश आत डोकावून आला आणि माझ्या कानाशी लागला.

"आई, वाट लागली. बारा वाजता या म्हटलं म्हणजे जेवायलाच ना! तू ताटाला नाही म्हणालीस. त्यांना वाटतंय, तुला निधी पसंत नाही. ती रडतेय आत."

पसंत नाही? अरे, जीव आहे माझा त्या पोरीवर! चारदा आमच्याकडे आली. चारही वेळा मी घावणे पुढे केले, तर म्हणाली, "नको काकू, जेवून आलेय." किती लागलं होतं मला ते! आणि आज मी तेच करून बसले.

मी उठले ती सरळ स्वयंपाकघरात. वसुधाताई भांड्यांवर झाकणं ठेवत होत्या. निधी खिडकीकडे तोंड करून उभी होती. परक्या घरात जे आयुष्यात कधी बोलले नाही, ते बोलणं सोपं नव्हतं. पण बोलले.

"वसुधाताई, मला भूक लागलीय."

"अहो, मग मघाशी..."

"खोटं बोलले. सकाळपासून चहाशिवाय काही नाही. पोटात कावळे ओरडतायत."

त्यांनी हातातलं झाकण खाली ठेवलं. मग डोळे पुसता पुसता हसायलाच लागल्या. "आम्ही तरी कुठे खाल्लंय? पाहुण्यांच्या आधी खायचं कसं!"

बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, "वनमाला, माका पण लागली गो!"

मग काय विचारता! नवऱ्याने नऊ अळुवड्या हाणल्या. मी आमटीचा भुरका मारला, चांगला आवाज करून. लग्नाची तारीख जेवता जेवताच ठरली.

पुढच्या रविवारी निधी विक्रोळीला आली. चपला अजून पायातच होत्या, तर दारातूनच ओरडली, "आई, जाम भूक लागलीय!"

मला इतका आनंद झाला की तवा तापायच्या आधीच मी पहिला घावणा घातला. तो चिकटला. तोही तिने खरवडून खाल्ला.